सापडलेला मोबाईल : लाभ नव्हे, ठेव



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते, खोडव्याची निगा असे पाठ घेतो. या वेळचा पाठ शेतीचा नाही, पण शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातला आहे. गळीत हंगामात फडात, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर, काट्यापाशी मोबाईल पडतात आणि सापडतात. आपल्या मावळात त्यात आणखी भर असते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याला भुशी धरणावर लोटणारी गर्दी, कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला येणारे भाविक आणि पुणे-लोणावळा लोकलने दररोज जा-ये करणारी आपलीच मुलंबाळं. एवढी माणसं फिरतात म्हटल्यावर वस्तू पडणारच.

फोन सापडला तर काय करायचं? हा प्रश्न चावडीवर टाकून बघा. साधारण तीन उत्तरे येतात. एक म्हणतो, "रस्त्यावरचं ज्याला सापडलं त्याचं." दुसरा म्हणतो, "हातच लावू नये, नसती बलामत." तिसरा म्हणतो, "उचलावा, बंद करून घरात ठेवावा, मालक शोधत आला तर द्यावा." पहिले उत्तर चूक आहे हे मनातून सगळ्यांनाच ठाऊक असते. पण उरलेली दोन उत्तरेही पुरी नाहीत. ती का पुरी नाहीत, ते या पाठात क्रमाने पाहू.

१. फोनची किंमत कोणाच्या हिशेबाने?

ज्याला फोन सापडतो, तो बाजारभाव बघतो. वापरलेला, कुलूप लागलेला, बिल नसलेला फोन. त्याचे काय येणार? फार तर सुट्या भागांचे पैसे. पण ज्याचा हरवतो, त्याचा हिशेब अगदी निराळा असतो.

आपल्याच एखाद्या सभासदाचे उदाहरण घ्या. त्याचा आधार क्रमांक त्या मोबाईल नंबरला जोडलेला. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. पी. एम. किसानची ई-केवायसी, ई-पीक पाहणीची नोंद, सोसायटीच्या कर्जाचा निरोप, तोडणी कधी येणार तो फोन, बिल जमा झाल्याचा संदेश, सगळे त्या एका डबीत. शिवाय नातवाचे फोटो, आणि कदाचित गेलेल्या वडिलांचा आवाजही तेवढ्यात एका ठिकाणी शिल्लक. याची किंमत दुकानदाराला लावता येत नाही.

आता ऊसतोड कामगाराचा विचार करा. बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांतून जोडपी सहा-सहा महिने कोप्या टाकून राहतात. कित्येकांची पोरं गावाकडे आजी-आजोबांपाशी असतात. पोराला ताप आला तर तो निरोप त्या एका फोनवरच येतो. फोन तीन-चार हजारांचा असेल, पण तो हरवला की त्या माणसाचे गावच तुटते. म्हणून स्वस्त फोन सापडला तर "एवढ्याशा वस्तूसाठी कोण धावाधाव करणार" असे म्हणू नये. फोन जितका साधा, तितकी मालकाची दुसरा घेण्याची ऐपत कमी असण्याचा संभव जास्त.

लोक याचा विचार करतात की नाही, हे तपासणारा एक मोठा प्रयोग झाला आहे. त्याचा निष्कर्ष २०१९ साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. ४० देशांतील ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटे हॉटेले, बँका, पोस्ट अशा ठिकाणी काउंटरवरच्या माणसाकडे "हे रस्त्यात सापडले" म्हणून सोपवली. आत मालकाचे नाव आणि ई-मेल पत्ता होता. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. पैसे असलेले पाकीट लोक ठेवून घेतील असा आपला अंदाज असतो. झाले उलटे. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांबद्दल मालकाला कळवले गेले, तर पैसे असलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्क्यांबद्दल. पुढे तीन देशांत आणखी एक चाचणी केली. ज्या पाकिटात घराची किल्ली होती, ते परत मिळण्याचे प्रमाण किल्ली नसलेल्यापेक्षा जास्त भरले. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच कामाची नसते, पण मालकाचे तिच्यावाचून अडते. एवढे लक्षात आले की पुष्कळ माणसे नीट वागतात. मोबाईल म्हणजे आजच्या काळातली ती किल्लीच.

२. उचलावा की उचलू नये?

"हात लावला तर आपल्यावरच आळ येईल" ही भीती खोटी नाही, आणि आजची तर मुळीच नाही. आपल्या मावळात कार्ले, भाजे, बेडसे येथे लेणी आहेत. तेथे ज्या धर्माचे भिक्खू वर्षावासाला राहत, त्यांच्या विनय ग्रंथांत सापडलेल्या वस्तूविषयी स्वतंत्र नियम आहे, आणि तो नियम कसा झाला याची हकिगतही आहे.

एक भिक्खू नदीवर स्नानाला गेला. एक गृहस्थ आपली पाचशे नाण्यांची थैली काठावर विसरून गेला होता. थैली कुणी नेऊ नये म्हणून भिक्खूने ती उचलून ठेवली. मालक धावत परत आला, भिक्खूने थैली हातात दिली. त्या काळी सापडलेली वस्तू परत करणाऱ्याला शेकडा पाच देण्याची रीत होती. ते देणे चुकवावे म्हणून तो गृहस्थ म्हणाला, "माझी थैली पाचशेची नव्हती, हजाराची होती," आणि त्याने भिक्खूलाच अडवून धरले. म्हणजे भलेपणा केला आणि अंगाशी आला.

तेव्हा पहिला नियम झाला की भिक्खूने मौल्यवान वस्तू उचलूच नये. पण लवकरच अडचण आली. विहारात आलेले कोणी दागिना विसरले तर काय करायचे? तो तसाच पडू द्यायचा? म्हणून नियमात दुरुस्ती झाली. विहारात किंवा आपण मुक्कामाला आहोत त्या घरी वस्तू सापडली तर ती उचलावी आणि "ज्याची असेल तो घेऊन जाईल" या भावनेने बाजूला जपून ठेवावी. तेच योग्य.

या दुरुस्तीत आपल्यासाठी मोठा धडा आहे. जागा आपली असेल तर उचलणे हे आपले काम आहे. आपल्या शेतात, आपल्या दुकानात, आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आपल्या लग्नमंडपात, आपल्या ताब्यातल्या काट्यावर वस्तू सापडली, तर "मी बघितलीच नाही" म्हणणे बरोबर नव्हे. आलेला माणूस आपल्या भरवशावर आलेला असतो.

उघड्या रस्त्यावर मात्र उचलण्याची सक्ती कोणी करत नाही. तिथे आपल्यापुढे दोनच सरळ वाटा आहेत. एक तर मालकासाठी म्हणून उचला, नाहीतर तिथेच राहू द्या आणि जवळच्या टपरीवाल्याला, पोलिसाला सांगून जा. "आधी उचलू, मग ठरवू" ही तिसरी वाट वाकडी आहे. पाऊस पडतोय, गाड्या जातायत, फोन चिरडणार असे दिसत असेल तर उचलणेच भले. मात्र द्रुतगती मार्गावर फोनसाठी गाडी थांबवू नये आणि धबधब्याच्या निसरड्या खडकावरून खाली उतरू नये. जिवापेक्षा फोन मोठा नाही, आपलाही नाही आणि दुसऱ्याचाही नाही.

३. कायदा काय म्हणतो?

कायद्याची भाषा किचकट असते, पण अर्थ साधा आहे.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ७१ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते. आणि ठेव कशी सांभाळायची? तर साधारण शहाणा माणूस स्वतःची तशी वस्तू जितकी जपेल तितकी. म्हणजे उचलले त्या क्षणापासून आपण मालक नव्हे, राखणदार झालो. या पाठाच्या मथळ्यात 'ठेव' हा शब्द आहे तो यासाठीच.

दुसरा कायदा फौजदारी आहे. पूर्वी १८६० च्या भारतीय दंड संहितेत ४०३ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ आले आहे. मालक जपण्यासाठी किंवा परत देण्यासाठी वस्तू उचलणे हा गुन्हा नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. कर नाही त्याला डर कशाला! गुन्हा कधी होतो? मालक कोण हे ठाऊक असताना किंवा शोधण्याचे साधन हाताशी असताना वस्तू आपली करून टाकली तर. किंवा मालक शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता, त्याला रास्त मुदत न देता ती वापरली, विकली तर. शिक्षा सहा महिन्यांपेक्षा कमी नाही, ती दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते, शिवाय दंड.

कायद्यातच उदाहरणे दिली आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ते माहीत नाही, तो उचलला तर गुन्हा नाही. पण पत्र सापडले, त्यात नोट आहे आणि पत्त्यावरून मालक कळतो, तरी नोट खिशात घातली तर गुन्हा. किमती अंगठी सापडली आणि शोध न करता लगेच विकली तर गुन्हा.

मोबाईल यातल्या कोणत्या उदाहरणात बसतो? रुपयाच्या नव्हे, पत्राच्या. कारण मालकाला शोधण्याचे साधन फोनच्या पोटातच असते. फोन वाजतो. त्यात सिम असते. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आय. एम. ई. आय. क्रमांक असतो. म्हणून "मालक सापडलाच नाही" हे म्हणणे फोनच्या बाबतीत सहसा टिकत नाही.

जपानच्या कायद्याने हे आणखी स्पष्ट केले आहे. तिथे सापडलेली वस्तू पोलिसांत जमा करतात. तीन महिन्यांत मालक आला नाही तर ती सापडणाऱ्याची होऊ शकते. पण मोबाईल मात्र होत नाही, कारण त्यात दुसऱ्याची खाजगी माहिती असते.

४. सापडल्यावर करावयाची कामे

(१) उचलताना शक्यतो कोणाला तरी दाखवून उचला. जागा, तारीख, वेळ लिहून ठेवा. आपल्या फोनमध्ये पडल्या जागेचा फोटो काढला तर उत्तम. आळ टाळण्याचा हा सर्वांत सोपा उपाय.

(२) फोन बंद करू नका. मघाच्या तिसऱ्या उत्तरातली चूक हीच होती. मालक फोन करत असतो. फोन बंद लागला की त्याला वाटते, चोरीला गेला. बॅटरी उतरली असेल तर चार्ज करा. पण भिजलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. बाहेरून पुसून सुकू द्या.

(३) कुलूप उघडण्याचा प्रयत्न करू नका. कुलूप नसले तरी फोटो, संदेश बघू नका. दुसऱ्याच्या घराचे दार उघडे दिसले म्हणून आपण आत शिरत नाही. फार तर शेवटचा आलेला कॉल किंवा 'आई', 'घर' असा नंबर लावून एवढेच सांगा की फोन सापडला आहे. काही फोनमध्ये कुलूप असतानाही आणीबाणीच्या बटणाखाली नातेवाईकाचा नंबर दिसतो. सिम काढून आपल्या फोनमध्ये घालू नका. त्यावर दुसऱ्याच्या बँकेचे ओटीपी येतात, आणि तुमचा हेतू चांगला असला तरी ते पटवून देणे अवघड जाते.

(४) फोन आला तर उचला. आपले नाव, गाव, कुठे सापडला ते सांगा. ओटीपी किंवा पासवर्ड विचारू नका.

(५) जो प्रथम आला त्याच्या हातात देऊ नका. मनुस्मृतीत सांगितले आहे की हरवलेली वस्तू मागणाऱ्याने तिचे रूप, संख्या वगैरे खुणा सांगाव्यात, आणि खोटा दावा करणाऱ्याला दंड व्हावा. इस्लामी परंपरेतही सापडलेल्या थैलीची पिशवी आणि दोरी ओळखून ठेवावी आणि वर्षभर पुकारा करावा असे सांगितले आहे. खुणा विचारण्याची ही रीत आजही चालते. मागचे कव्हर कोणत्या रंगाचे? काच कुठे तडकली आहे? आणि शेवटी, समोर कुलूप उघडून दाखवा. उघडले की द्या.

(६) त्या दिवसात मालक मिळाला नाही तर फोन घरात ठेवू नका. लोकलमध्ये किंवा फलाटावर सापडला तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाकडे, एस.टी.त सापडला तर कंडक्टरकडे, रस्त्यावर सापडला तर जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच मागा. जितके दिवस फोन घरात, तितका संशय वाढतो.

५. ज्याचा हरवला त्याने काय करावे?

प्रथम आपल्या नंबरवर फोन करावा आणि सौम्य बोलावे. उत्तर नाही आले तर सिम बंद करून घ्यावे, बँकेला कळवावे, पोलिसांत तक्रार द्यावी. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर मे २०२३ पासून आय. एम. ई. आय. क्रमांकावरून हरवलेला फोन देशभर बंद करण्याची सोय आहे. त्यासाठी तक्रारीची प्रत लागते. बंद केलेल्या फोनमध्ये कोणी दुसरे सिम घातले तर त्याचा माग लागतो. फोन परत मिळाल्यावर मालकाने तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. हा क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले तरी दिसतो. आजच तो डायरीत लिहून ठेवा.

"तुमचा फोन सापडला आहे, या लिंकवर पासवर्ड टाका" असा निरोप आला तर तो फसवणुकीचा समजावा. फोन परत देणाऱ्याला तुमचा पासवर्ड लागत नाही.

बिल नसलेला स्वस्त फोन विकत घेणेही टाळावे. कोणीतरी घेतो म्हणून कोणीतरी विकतो.

६. आळ आणि बक्षीस

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. फडात मालकाचा फोन हरवला की पहिली नजर टोळीवर जाते. "कोप्या झाडून बघा" असे शब्द पटकन तोंडातून निघतात. मग फोन बांधावर पाचटाखाली सापडतो. फोन मिळाला, पण बोललेले शब्द परत घेता येत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पुराव्यावाचून कोणाचे सामान उचकटण्याचा आपल्याला अधिकार नाही, मग तो मुकादम असो की शेतमालक.

याचा तोटाही आपल्यालाच होतो. ज्याच्यावर एकदा आळ घेतला, तो पुढच्या वेळी फोन दिसला तरी उचलणार नाही. उचलला तरी आणून देणार नाही, कारण आणून देणारा पहिला संशयित ठरतो हे त्याने पाहिलेले असते. लोक प्रामाणिक राहावेत असे वाटत असेल तर परत आणून देणाऱ्याला "तुझ्याकडे कसा आला?" असे न विचारता आधी "उपकार झाले" म्हणावे. नदीकाठच्या त्या गृहस्थाने शेकडा पाच वाचवले, पण भिक्खूंनी वस्तू उचलणेच काही काळ बंद केले. नुकसान साऱ्या गावाचे झाले.

बक्षिसाबद्दल दोन शब्द. मालकाने आपणहून बक्षीस जाहीर केले असेल तर करार कायद्याच्या १६८ व्या कलमाप्रमाणे ते मागण्याचा हक्क सापडणाऱ्याला आहे. जाहीर केले नसेल तर "आधी पैसे, मग फोन" असा सौदा करू नये. दिवस मोडून, पदरचे भाडे घालून कोणी फोन आणून दिला असेल तर मालकाने न मागता तो खर्च आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. कामगाराने ती घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

माझी सूचना अशी की प्रत्येक गट कार्यालयात आणि काट्यावर एक साधी नोंदवही ठेवावी. वस्तू, जागा, वेळ, आणून देणाऱ्याचे नाव, घेऊन जाणाऱ्याची सही. आणून देणाऱ्याचे नाव वहीत चढले की तो संशयित राहत नाही, साक्षीदार होतो. खर्च एका वहीचा आहे.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या ट्रॉलीत फोन सापडला. तुम्ही तो उचलण्यास बांधील आहात का? रस्त्यावर सापडला असता तर उत्तर बदलले असते का?

२. लहान मुलाने फोन घरी आणला. परत करायला मुलाला बरोबर न्यावे की आपणच जाऊन द्यावा? (माझ्या मते मुलाला न्यावे, आणि त्याच्याच हातून द्यावा.)

३. फोन महिनाभर वाजला नाही, कोणी आले नाही. आता तो वापरावा का? (नाही. पोलिसांत जमा करावा.)

४. टोळीतल्या माणसाचा फोन तुमच्या उसात राहिला आणि टोळी पुढच्या गावी गेली. कोणी, कोणाला, कसा कळवावा?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गटाने आपापल्या मुकादमांशी बोलून हंगामाआधीच ठरवून ठेवावे. चिटबॉयकडे मुकादमांचे नंबर असतातच.

आपला,
ऊस विकास अधिकारी